चोर सोडून पंपाला फाशी

प्रश्न : माझ्याकडे २००५ ची मर्सिडीज एस.एल. ५०० आहे, छप्पर डिकीत जाऊन बसणारी, ए.बी.सी. (ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल) सस्पेन्शनवाली. मुंबईहून सेकंडहँड घेतली, त्याला दीड वर्ष झालं. मीटर ७८ हजारांवर आहे. तीन महिन्यांपासून सकाळी स्टार्ट केल्यावर बॉनेटखालून रडल्यासारखा आवाज येतो, पाच मिनिटांत कमी होतो. सिग्नलला उभं असताना स्टेअरिंग थरथरतं. गाडी दोन रात्री उभी राहिली की पुढची डावी बाजू टायरवर बसते, स्टार्ट केल्यावर उठते. आणि गेल्या महिन्यात पुण्याहून परतताना खंबाटकी चढत असताना मीटरमध्ये पांढऱ्या अक्षरांत ‘ए.बी.सी. ड्राइव्ह केअरफुली’ आलं, घाट संपल्यावर गेलं. इथल्या गॅरेजवाल्यानं पंप गेलाय म्हणून साडेचार लाखांचं कोटेशन दिलंय, त्यावर ‘एअर सस्पेन्शन पंप’ असं लिहिलंय. दुसरा म्हणतो, हे सगळं काढून साध्या स्प्रिंगा घालू, दीड लाखात मोकळे व्हा. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अजून कुणाचंच नको.

तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत आणि चारींसाठी एकटा पंपच आरोपी म्हणून उभा केलाय. माझा संशय विचाराल तर चारांतल्या एका तक्रारीत पंपाचा हात असेल, एकीत असू शकेल, आणि उरलेल्या दोन त्याच्या माथी उगाच मारल्यात. पण त्याआधी त्या कोटेशनबद्दल. ज्या माणसानं तुमच्या गाडीच्या कागदावर ‘एअर सस्पेन्शन पंप’ लिहिलं, त्यानं बॉनेट उघडून नीट पाहिलेलंच नाही. मर्सिडीजच्या दुसऱ्या पद्धतीत, एअरमॅटिकमध्ये, रबरी फुगे असतात आणि विजेवर चालणारा छोटा हवेचा कॉम्प्रेसर असतो. तुमच्या गाडीत हवेचा काही संबंध नाही, सगळा खेळ ऑइलचा आहे. ही चूक लिहिण्यातली असेल तर ठीक. समजण्यातली असेल तर त्याच्या हातात गाडी देऊ नका.

आता हा पंप काय करतो ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मं निदान तुमचं तुम्हालाच जमेल. ए.बी.सी. मर्सिडीजनं १९९९ मध्ये सी.एल. कूपेवर पहिल्यांदा आणलं. ऑइलच्या दाबावर गाडी तोलण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी. सित्रोएनची डी.एस. १९५५ पासून तेच करत होती, आणि मर्सिडीजनंही १९७५ च्या ४५० एस.ई.एल. ६.९ मध्ये त्याच वाटेची व्यवस्था बसवली होती. पण त्या गाड्या गॅस भरलेल्या गोळ्यांवर तरंगायच्या. तुमच्या गाडीत प्रत्येक चाकावर पोलादी स्प्रिंग आहेच, फक्त तिच्या जोडीला एक ऑइलचा सिलिंडर आहे. कॉम्प्युटर त्या सिलिंडरमध्ये ऑइल भरतो किंवा काढतो, आणि गाडी वळणात कलायला लागली की ज्या बाजूला ती झुकते तिथल्या स्प्रिंगला वरून दाबून तिला सरळ धरतो. यासाठी लागणारा दाब साधारण १८० ते २०० बार. टायरमध्ये आपण सव्वादोन-अडीच बार हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या.

हा दाब तयार करणारा पंप इंजिनच्या पुढच्या बाजूला बेल्टवर फिरतो. खरं तर तो एका दांड्यावर बसलेला जोडपंप आहे. एका भागातून पॉवर स्टेअरिंग चालतं, दुसऱ्यातून सस्पेन्शन. सस्पेन्शनच्या भागात चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले बारीक पिस्टन असतात. त्यांची फट इतकी कमी असते की घाणेरडं ऑइल किंवा ऑइलमधली हवा त्यांना सहन होत नाही. पुढे व्हॉल्व ब्लॉक, मागे व्हॉल्व ब्लॉक, म्हणजे चाकांचं ऑइल सोडणारे-अडवणारे व्हॉल्व एकत्र बसवलेले ठोकळे, आणि जागोजागी नायट्रोजन भरलेले गोळे. त्यांना ॲक्युम्युलेटर म्हणतात. पंपाच्या ठोक्यांचा धक्का ते पोटात घेतात.

आधी तिसरी तक्रार घेऊ, कारण तिच्यावरून सगळे पंपाकडे बोट दाखवतात. गाडी रात्रीतून बसते. अहो, रात्री इंजिन बंद असतं, बेल्ट थांबलेला असतो, पंप झोपलेला असतो. झोपलेला पंप गाडी उचलून धरत नाही आणि खालीही सोडत नाही. इंजिन बंद झालं की व्हॉल्व ब्लॉकमधले व्हॉल्व सिलिंडरमधलं ऑइल कोंडून ठेवतात. त्यातला एखादा नीट बसत नसेल, त्याचं ओ-रिंग, म्हणजे सीलचं रबरी कडं, कडक झालं असेल किंवा मध्ये कचऱ्याचा कण अडकला असेल, तर ऑइल हळूहळू टाकीत परत जातं आणि तेवढा एकच कोपरा बसतो. तुमचा एकच कोपरा बसतोय, म्हणजे पुढच्या ब्लॉकमधला त्या चाकाचा व्हॉल्व. याची खात्री घरी करता येते. संध्याकाळी गाडी सपाट जागी लावा. चारी चाकांच्या मधल्या टोपीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापं टेपनं घेऊन लिहून ठेवा. सकाळी स्टार्ट करायच्या आधी परत घ्या. फरशी कोरडी असेल आणि माप कमी झालं असेल, तर ऑइल आतल्या आत गेलं. फरशीवर डाग असेल तर गोष्ट निराळी. मग त्या चाकाचा सिलिंडर किंवा त्याची नळी बाहेर गळतेय.

डाग दिसला म्हणून गाडी चालू असताना हात घालून लिक चाचपू नका. दोनशे बारनं सुईएवढ्या भोकातून सुटलेलं ऑइल कातडीत घुसतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आतून बोट सडतं. तसं झालं तर घरी हळद दाबून बसायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. लिक शोधायचा तर पुठ्ठा धरून शोधा. आणि ए.बी.सी.च्या गाडीखाली नुसत्या जॅकवर कुणी जायचं नाही, गॅरेजवाल्या पोरालाही जाऊ देऊ नका.

दुसरी तक्रार, स्टेअरिंगची थरथर. आधी सर्वांत स्वस्त कारण तपासा. सिग्नलला थरथर सुरू झाली की गियर ड्राइव्हमधून न्यूट्रलला टाका. थरथर गेली तर दोष इंजिनच्या फाउंडेशनचा, म्हणजे माउंटिंगचा. इतक्या वर्षांच्या गाडीत त्यांच्यातलं ऑइल वाहून गेलेलं असतं. न्यूट्रलमध्येही तशीच राहिली, किंवा गाडी उचलायचं बटण दाबल्यावर वाढली, तर पंपाजवळचा धक्का सोसणारा गोळा फुटलाय असं समजायला जागा आहे. त्याच्या आतला पडदा फाटला की नायट्रोजन ऑइलमध्ये जातो, आणि पंपाचा प्रत्येक ठोका थेट नळ्यांमध्ये आणि बॉडीत उमटतो. हा गोळा पंपापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. पण तो बदलायचा राहिला तर सतत ठोके खाऊन नळ्या फुटतात. रस्त्यात एक नळी फुटली की टाकी रिकामी होते, आणि मग पंप कोरडा फिरून थोड्याच वेळात खलास होतो. माझ्याकडे आलेल्या मेलेल्या पंपांतले बरेचसे असेच मेलेले होते. स्वतःच्या म्हातारपणानं गेलेले त्या मानानं कमी.

पहिल्या तक्रारीला फार वेळ देत नाही. सकाळी रडणारा आवाज बहुधा ऑइल कमी असल्याचा किंवा टाकीतून पंपाकडे येणाऱ्या नळीच्या जोडातून हवा ओढली जात असल्याचा. टाकीचं झाकण उघडून बघा. ऑइलवर ताकासारखा फेस दिसला तर हवा जातेय. फेस नसेल तर मेकॅनिकला सांगून बेल्ट उतरवा आणि इंजिन वीस-तीस सेकंद चालवून बघा. त्याहून जास्त नाही, कारण वॉटर पंपही त्याच बेल्टवर आहे. आवाज बंद झाला तर बेल्टवरच्या पुल्या हातानं एकेक फिरवा. कित्येकदा बेल्टला नुसती वाट दाखवणारी दीड-दोन हजारांची आयडलर पुली रडत असते आणि शिक्षा पंपाला होते.

पातळी बघताना एक चूक सगळे करतात. बसलेल्या गाडीत सिलिंडरमधलं ऑइल टाकीत उतरलेलं असतं, त्यामुळे कांडीवर ते भरपूर दिसतं, कधी जास्तच दिसतं. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, गाडी आपल्या नेहमीच्या उंचीला आल्यावर. तेव्हाच कांडीवर खरं काय ते दिसतं.

रंगही बघा. पांढऱ्या कागदावर एक थेंब सोडा. या सिस्टिमला सी.एच.एफ. ११ एस हे ऑइल लागतं आणि ते नवं असताना हिरवं असतं. काळपट-तपकिरी निघालं तर वर्षानुवर्षं बदललेलं नाही. लालसर निघालं तर मागच्या कुठल्या तरी मालकाच्या फिटरनं साधं गिअर-स्टेअरिंगचं लाल ऑइल त्यात ओतलंय. आपल्याकडे हे फार चालतं, ‘स्टेअरिंग ऑइल ते स्टेअरिंग ऑइल’. तुमच्या गाडीत स्टेअरिंगची टाकी वेगळी आणि सस्पेन्शनची वेगळी आहे, दोन्हींचं ऑइलही वेगळं आहे. एका टाकीतलं कमी होत असेल आणि दुसरीतलं आपोआप वाढत असेल, तर मात्र जोडपंपाच्या मधलं सील गेलंय आणि तिथे पंप खरोखर दोषी आहे. म्हणून दोन्ही कांड्यांची पातळी पंधरा दिवस वहीत लिहा.

आता घाटातली चौथी तक्रार. खरं घोडं इथे पेंड खातं.

खंबाटकी चढताना काय होतं बघा. पुढे उसाचा ट्रक, तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, इंजिन सावकाश फिरतंय, बॉनेटखाली भट्टी झालीय. ऑइल तापून पातळ झालंय. त्यात वळणामागून वळण, प्रत्येक वळणात दोन सिलिंडर भरायचे आणि दोन रिकामे करायचे. म्हणजे मागणी सर्वांत जास्त असते तेव्हाच पंप सर्वांत सावकाश फिरत असतो. चांगला पंप हे निभावतो. ज्याचे पिस्टन झिजलेत त्याच्या फटीतून गरम पातळ ऑइल आतल्या आत निसटतं, दाब उतरतो, आणि कॉम्प्युटर पांढऱ्या अक्षरांत तुम्हाला जपून जायला सांगतो. घाट संपला, गाडीनं वेग धरला, की इंजिन जोरात फिरतं, दाब परत येतो, अक्षरं जातात. तुमच्या कहाणीत ही एवढी एकच गोष्ट झिजलेल्या पंपाशी तंतोतंत जुळते.

पण हीच कहाणी टाकीत अर्धा लिटर ऑइल कमी असलं तरी जुळते. वळणात ऑइल एका बाजूला जातं, नळीच्या तोंडाशी हवा येते. म्हणून आधी पातळी, मग संशय.

पातळी बरोबर निघाली तर मोजमाप करायचं. ज्याच्याकडे मर्सिडीजचा स्टार डायग्नोसिस किंवा त्याच्या तोडीचा स्कॅनर आहे, म्हणजे जो ए.बी.सी.चे चालू आकडे दाखवतो, अशाच माणसाकडे जा. नुसते फॉल्ट कोड वाचणारा शंभर रुपयांचा डबा इथे कामाचा नाही. गाडी अर्धा तास चालवून ऑइल चांगलं तापू द्या. मग उभी करून तीन आकडे लिहायला लावा : आयडलिंगला दाब किती, दोन हजारच्या रेसला किती, आणि आयडलिंगलाच गाडी उचलायचं बटण दाबल्यावर दाब कितीवर पडतो आणि परत चढायला किती वेळ घेतो. आयडलिंगलाही दाब १८० ते २०० च्या दरम्यान टिकला तर पंप निर्दोष आहे, कोटेशन फाडून टाका. आयडलिंगला खाली बसतो आणि रेस दिल्यावर वर येतो असं असेल तर पंपावर आरोपपत्र ठेवायला हरकत नाही. आकडा भरून येतोय पण स्थिर राहत नाही, भराभर खालीवर नाचतोय, तर परत त्या गोळ्यांकडे बघा.

इथेही आरोपपत्रच म्हणालो, शिक्षा नाही. कारण माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका गाडीचा दाब आयडलिंगला १२० च्या आसपास बसला होता. मी पंप बदलला. आठ दिवसांनी गाडी तेच आकडे घेऊन दारात. पंप उत्तम काम करत होता. पुढच्या ब्लॉकमधला दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व कणभर उघडा अडकला होता, आणि पंपानं दिलेलं ऑइल तिथून परत टाकीत चाललं होतं. हंड्याला भोक होतं आणि मी नळ बदलला होता. पंपाचे पैसे मी गिऱ्हाइकाकडून घेतले नाहीत, पण ते घरी कसे सांगितले ते विचारू नका. तेव्हापासून मी पंपाची ऑर्डर देण्याआधी मागच्या ब्लॉककडे जाणारी लाइन आंधळं झाकण लावून बंद करतो आणि दाब परत मोजतो. दाब उसळी मारून वर आला तर ऑइल मागे कुठे तरी निसटत होतं. नाही आला तर पुढचा ब्लॉक आणि पंपाचा स्वतःचा, ऑइल आत घेणारा सक्शन व्हॉल्व हे दोघे तपासायचे. ते सुटले की मगच पंप. तुमच्या गॅरेजवाल्याला एवढं एकच विचारा : ‘पंप गेलाय हे दाब किती असताना ठरवलंत?’ आकडा सांगता आला नाही तर उठून या.

आणखी एक. टाकीतला फिल्टर काढून ब्लेडनं कापा, त्याचा कागद उन्हात उलगडून धरा. राखाडी गाळ असेल तर तो वयाचा. पण चमकी दिसली, गणपतीच्या मखरासारखी बारीक चमचम, तर ती पंपाच्या धातूची आहे. मग तुमचा बसणारा कोपराही त्याच घरातला निघू शकतो : पंप झिजला, त्याची चमकी ऑइलबरोबर पुढच्या ब्लॉकमध्ये गेली, आणि एका व्हॉल्वच्या तोंडाशी अडकली. अशा वेळी नुसता नवा पंप बसवून देणारा माणूस तुमचं नुकसान करतोय. आधी सगळं ऑइल बदलायचं, स्कॅनरमधून गाडीला खालीवर नाचवून कोपऱ्याकोपऱ्यातलं जुनं ऑइल धुऊन काढायचं. या नाचाला मेकॅनिक लोक ‘रोडिओ’ म्हणतात, बघायला मजा येते. दहा लिटरच्या आसपास ऑइल सहज जातं, फिल्टर पुन्हा बदलावा लागतो. ही धुलाई कोटेशनमध्ये आहे का ते बघा.

चमकी नसेल तर मी धुलाईपासूनच सुरुवात करीन, पंपापासून नाही. नवं ऑइल, नवा फिल्टर, पंपाजवळचा गोळा, टाकीच्या नळीचं ओ-रिंग. एवढ्यावर कित्येक गाड्यांचे आवाज आणि थरथर दोन्ही गेलेले मी पाहिलेत. एखाद्या व्हॉल्वमधला कण निघून जाऊन बसणारा कोपरा उभा राहिल्याचंही पाहिलंय, पण त्याची हमी देत नाही.

पंप बदलायची वेळ आलीच तर भंगारातल्या गाडीचा ‘चालू कंडिशन’ पंप घेऊ नका. तो कुठल्या ऑइलवर आणि किती कोरडा फिरलाय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ज्याला नवे पिस्टन, बेअरिंग आणि सील घातलेत आणि दाबावर तपासून कागद दिलाय असा रिबिल्ट पंप चालेल.

आता साध्या स्प्रिंगा. दीड लाख ऐकायला गोड वाटतात. पण त्या माणसाला विचारा, अँटी-रोल बारचं काय करणार? साध्या गाडीत डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा जो दांडा असतो तो तुमच्या गाडीत नाहीच, कारण ते काम ऑइल करत होतं. नुसत्या स्प्रिंगा घातल्या तर १,८०० किलोच्या घरातली, तीनशेवर हॉर्सपॉवरची गाडी वळणात बैलगाडीसारखी कलंडेल. कडक स्प्रिंगा घालून ते झाकलं तर सांगली ते कराड तुमच्या मणक्यांना कळेल. वर पंप काढताही येत नाही, त्याच दांड्यावर स्टेअरिंग चालतं. शेवटी सस्पेन्शनचं ऑइल नुसतं गोल फिरवत ठेवायचं किंवा निराळा पंप शोधायचा, आणि मीटरमधली कॉम्प्युटरची तक्रार आयुष्यभर बघायची. ज्या गाडीचे ब्लॉक, नळ्या, सिलिंडर सगळंच संपलंय, तिच्यासाठी हा मार्ग मी नाकारत नाही. तुमची गाडी अजून तिथे पोचलेली नाही.

तोवर गावात हळू चालवा, घाट नको. पांढरी अक्षरं आली तर वळणं सावकाश घ्या, कारण गाडीला कलण्यापासून धरणारं दुसरं काहीच नाही. लाल अक्षरांत ‘स्टॉप, कार टू लो’ आलं तर ‘एवढं पुढचं गाव गाठू’ म्हणायचं नाही, कडेला घेऊन इंजिन बंद करायचं. कोरडा पंप अडकला तर बेल्ट तुटतो, आणि त्याच बेल्टवर अल्टरनेटर आहे, वॉटर पंप आहे. साडेचार लाखांचा प्रश्न मग इंजिनचा होतो.

तीन आकडे, रात्रीची मापं आणि कापलेल्या फिल्टरचा फोटो एवढं पाठवा, मग पुढचं बोलू. पुण्याला आणायची झालीच तर फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या टोइंग ट्रकवर आणा. चढवताना इंजिन चालू ठेवून गाडी उचलायचं बटण दाबा, म्हणजे पुढचा बंपर फळीला घासणार नाही. आणि टोइंगवाल्याला पट्टे चाकांना बांधायला सांगा, बॉडीला नाही. वाटेत गाडी बसली की बॉडीचे पट्टे सैल पडतात, आणि तो ते खंबाटकीत पुन्हा आवळायला थांबेल याचा भरवसा नाही.